रेझिस्टन्स शून्य झाला असं कुणी म्हटलं की मी आधी काय विचारतो

तू लिहिलंयस की २०२३ मध्ये एलके-९९ आलं, म्हणजे नेहमीच्या तापमानालाही सुपरकंडक्टर (ज्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, शून्य होतो असा पदार्थ) सापडल्याचा दावा, तेव्हा तू बारावीत होतास, दोन आठवडे अभ्यास बाजूला ठेवून त्याचेच व्हिडिओ बघत होतास, घरी सगळ्यांना सांगत सुटला होतास की आता वीज वाया जाणार नाही, ट्रेन हवेत चालणार, आणि मग महिन्याभरात ते सगळं फुस्स झालं. आता बीएस्सी फिजिक्सला आहेस आणि दर थोड्या दिवसांनी क्वांटम कॉम्प्युटरची नाहीतर फ्युजनची (अणुकेंद्रकं जोडून ऊर्जा मिळवायची) नवी क्रांती कानावर येते, पण तुझा कशावरच विश्वास बसत नाही. लॅबमधली माणसं कशावर विश्वास ठेवायचा ते कसं ठरवतात, हा तुझा प्रश्न. त्यातलं "कशावरच विश्वास बसत नाही" हे वाचून मला वाईट वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी गेली २२ वर्षं थंड वस्तूंचा रेझिस्टन्स मोजतोय, दुसरं फारसं काही केलं नाही. त्यामुळे माझं उत्तर त्याच कोपऱ्यातून येणार. बातमी नेहमी सांगते काय *सापडलं*. आम्ही विचारतो काय *मोजलं*. या दोन्हींच्या मध्ये बरंच काही असतं आणि सगळा घोळ तिथेच होतो.

आधी माझीच गोष्ट सांगतो. पीएचडीचं दुसरं वर्ष. एक ऑक्साईडची काळी गोळी बनवली होती, डोकेदुखीच्या गोळीएवढी, तिची एक पट्टी कापून त्यावर सिल्व्हर पेंटने चार बारीक सोन्याच्या तारा चिकटवल्या होत्या. याला फोर प्रोब म्हणतात, बाहेरच्या दोन तारांमधून करंट सोडायचा आणि आतल्या दोन तारांमधला व्होल्टेज मोजायचा, म्हणजे तारांचा स्वतःचा रेझिस्टन्स हिशोबात येत नाही. सॅम्पल क्रायोस्टॅटमध्ये (खूप थंड करायच्या उपकरणात) टाकलं आणि थंड करत गेलो. साधारण ६१ केल्विनला, म्हणजे उणे २१२ डिग्री सेल्सिअसला, स्क्रीनवरची रेघ सरळ खाली आली आणि शून्यावर जाऊन बसली. एकदम धारदार. मी गरम केलं, पुन्हा वर आली. पुन्हा थंड केलं, पुन्हा जवळपास त्याच तापमानाला खाली. तीन वेळा! हात थरथरत होते माझे. त्या मटेरियलमध्ये तोपर्यंत कुणी सुपरकंडक्टिव्हिटी पाहिलेली नव्हती, मी रात्री नऊ वाजता सरांना घरी फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "करंट जातोय ना?"

मी म्हटलं सर, एक मिलीअँप सेट केलाय. ते म्हणाले सेट केलाय ते ठीक आहे, जातोय का ते बघ. सॅम्पलला सिरीजमध्ये १०० ओहमचा एक स्टँडर्ड रेझिस्टर लाव आणि त्याच्यावरचा व्होल्टेज पण नोंदव. एक मिलीअँप जात असेल तर तिथे १०० मिलीव्होल्ट दिसलाच पाहिजे. लावला. थंड करत गेलो. ६१ केल्विनच्या आसपास सॅम्पलवरचा व्होल्टेज शून्य झाला आणि त्याच क्षणी स्टँडर्ड रेझिस्टरवरचे १०० मिलीव्होल्टही शून्य झाले.

झालं असं होतं की थंड होताना सॅम्पल वेगळं आकसत होतं आणि सिल्व्हर पेंटचा ठिपका वेगळा, त्यामुळे करंटच्या एका तारेखाली केसासारखी भेग उघडत होती. गरम केलं की ती मिटायची आणि संपर्क पुन्हा जोडला जायचा. म्हणून तर ते दर वेळी त्याच तापमानाला व्हायचं, म्हणजे निकाल रिपीट होत होता आणि तरी चुकीचा होता! कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम मोजलेल्या व्होल्टेजला *सेट केलेल्या* करंटने भागत होता. शून्य भागिले काहीही, शून्यच. करंट सोर्सच्या पॅनेलवर एक छोटा दिवासुद्धा लागलेला होता, तो करंट नीट जात नसेल तरच लागतो, पण माझं सगळं लक्ष स्क्रीनवरच्या रेघेत अडकलेलं होतं.

हे सांगायचं कारण असं की यात मी कुणाला फसवत नव्हतो, मीटर बिघडलेलं नव्हतं, ग्राफ खरा होता. फक्त त्या ग्राफचा दुसरा एक साधा अर्थ होता जो मी तपासलाच नव्हता. मोठमोठे दावे कोसळतात ते बहुतेक वेळा असेच कोसळतात, लबाडी दर वेळी नसते.

आता एलके-९९ कडे ये. २२ जुलै २०२३ ला सोलच्या क्वांटम एनर्जी रिसर्च सेंटरच्या लोकांनी दोन प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाईन टाकलेले पेपर) टाकले, नाव ली आणि किम यांच्या आद्याक्षरांवरून आणि १९९९ या सालावरून. दावा काय तर नेहमीच्या हवेच्या दाबाला, तब्बल १२७ डिग्री सेल्सिअसपर्यंत सुपरकंडक्टर. रेसिपी इतकी सोपी की कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये जमेल, शिसं, तांबं, फॉस्फरस, गंधक असलेली संयुगं कुटायची, व्हॅक्यूम केलेल्या क्वार्ट्झच्या नळीत सील करायची आणि ९२५ डिग्रीला भट्टीत काही तास ठेवायची. म्हणून तर ते इतकं पसरलं. आणि म्हणूनच ते इतक्या लवकर तपासलंही गेलं, हे मात्र कुणी बोलत नाही.

पुरावे दोन होते. एक, १०४ डिग्रीच्या आसपास रेझिस्टन्स एकदम खाली पडतो. दोन, चुंबकावर ठेवलेला तुकडा अर्धवट उचलला जातो, एक कड मात्र टेकलेली. पहिल्याचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. त्या रेसिपीत तांबं आणि गंधक दोन्ही आहेत, म्हणजे भट्टीत कॉपर सल्फाईड तयार होणारच, ते उत्पादनात मिसळलेलं राहतं. इलिनॉयमधले केमिस्ट प्रशांत जैन कॉपर सल्फाईडवर आधी काम केलेले, त्यांना तो १०४ चा आकडा वाचूनच ओळखीचा वाटला, कारण त्या तापमानाच्या आसपास कॉपर सल्फाईडची अणूंची रचनाच बदलते आणि रेझिस्टन्स दाणकन पडतो. बीजिंगच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्समध्ये तर कॉपर सल्फाईड मुद्दाम घेऊन मोजलं आणि तसाच उतार मिळाला. मग स्टुटगार्टच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटने गंधक येऊच नये अशा पद्धतीने शुद्ध स्फटिक वाढवले. ते निघाले जांभळट, पारदर्शक, आणि रेझिस्टन्स लाखो ओहम. म्हणजे शुद्ध एलके-९९ हा इन्सुलेटर! दिल्लीच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतही (एनपीएल) डॉ. अवाना यांच्या ग्रुपने पहिल्या काही दिवसांतच सॅम्पल बनवून बघितलं होतं, त्यांनाही सुपरकंडक्टिव्हिटी दिसली नव्हती.

बघ, उत्तर एका केमिस्टला ओळखीच्या वाटलेल्या आकड्यात होतं. मला ही गोष्ट अजूनही फार भारी वाटते.

दुसरा पुरावा, तरंगण्याचा. सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो, म्हणून तो आणि चुंबक एकमेकांवर तरंगू शकतात. इथे एक गोष्ट मी दर वर्षी विज्ञान दिनाला मुलांना करून दाखवतो. थर्माकोलच्या वाटीत यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साईडची (हा खरा सुपरकंडक्टर, पण थंड केल्यावरच) गोळी ठेवायची, वर लिक्विड नायट्रोजन ओतायचं, थोडा वेळ ते खळखळून उकळतं मग शांत होतं, आणि तेव्हा चिमट्याने एक छोटा चुंबक वर सोडायचा. तो हवेत थांबतो. बोटाने फिरवला तर फिरत राहतो, ढकलला तर थोडा हलून जागेवर परत येतो, नीट केलं तर गोळी चिमट्याने उचलल्यावर चुंबक खाली अंतर ठेवून लटकूनही राहतो, कारण चुंबकाच्या रेषा गोळीत अडकून पडतात. हे एकदा डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला एका कडेवर उभा राहिलेला तुकडा बघून लगेच शंका येते. लोखंडाची पूड चुंबकाजवळ नेली की ती अशीच कडेवर उभी राहते, आणि पेकिंग युनिव्हर्सिटीच्या ग्रुपने दाखवलंही की तुकड्यात थोडं साधं फेरोमॅग्नेटिझम (लोखंडासारखं चुंबकत्व) असेल तर असं अर्धं उचलणं होतं. ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषय मिटलेला होता. म्हणजे चार आठवडे पण लागले नाहीत. तू याला फिजिक्सचं अपयश समजतोयस, मला तर फिजिक्स इतकं स्वच्छ काम करताना क्वचित बघायला मिळालंय.

आता जरा अवघड भाग, जिथे ग्राफच्या आत बघावं लागतं.

२०१८ च्या जुलैत बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या दोन संशोधकांचा प्रीप्रिंट आला, सोन्यात चांदीचे नॅनो कण, आणि २३६ केल्विनला म्हणजे उणे ३७ डिग्रीला सुपरकंडक्टिव्हिटी. आपल्याकडे किती उत्साह होता ते मला आठवतं, आपल्या देशातून एवढं मोठं काही येतंय म्हणून मी सुद्धा त्या रात्री झोपलो नाही. मग ब्रायन स्किनर, तेव्हा एमआयटीत होता, त्याने एका ग्राफकडे बोट दाखवलं. सॅम्पल वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत मोजलं होतं, म्हणजे वेगवेगळ्या मोजण्या, पण त्यातल्या हिरव्या ठिपक्यांचा आणि निळ्या ठिपक्यांचा नॉईज, म्हणजे रीडिंगची बारीक वरखाली, सारखाच होता. एक ठिपका किंचित वर, पुढचा किंचित खाली, मग दोन वर, सगळं जसंच्या तसं, फक्त पूर्ण रेघ थोडी सरकलेली.

नॉईज म्हणजे काय हे ज्याने रात्र रात्र मीटरसमोर काढलीये त्याला कळतं. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा आवाज रोज सारखाच वाटतो, पण थेंब कुठे आणि कुठल्या क्रमाने पडले ते दोन दिवशी सारखं असूच शकत नाही. खरा रँडम नॉईज तसाच असतो. तो दोन वेगळ्या मोजण्यांत सारखा आला तर एकतर तो रँडम नॉईज नाही, सिस्टीममधलंच काहीतरी आहे जे समजावून सांगावं लागेल, किंवा डेटा हाताळताना काहीतरी झालंय. यापैकी काय होतं हे मी ठरवणार नाही, त्या संशोधकांनी पुढे २०१९ मध्ये जास्त सहकाऱ्यांसोबत आणखी मोठा पेपर टाकला आणि आपला दावा सोडला नाही. पण जगाने मान्य केलेला सुपरकंडक्टर तो अजून झालेला नाही, आणि तो होण्यासाठी एकच रस्ता आहे, दुसऱ्या लॅबच्या टेबलावर तेच दिसलं पाहिजे.

नॉईजवरून पकडलं जाणं हे नवीन नाही. बेल लॅब्जमधला यान हेंड्रिक शोन, सेंद्रिय पदार्थांच्या ट्रान्झिस्टरवर एकामागून एक सनसनाटी पेपर काढत होता, नोबेलच्या गोष्टी चालल्या होत्या. २००२ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या तापमानाच्या, वेगवेगळ्या डिव्हाइसच्या ग्राफमध्ये नॉईज एकच आहे. चौकशी बसली, बनवाबनवी सिद्ध झाली, 'नेचर' आणि 'सायन्स'ला पेपरांचा ढीग मागे घ्यावा लागला. तोपर्यंत कित्येक पीएचडीच्या मुलांनी ते निकाल परत आणण्यात दोन-दोन वर्षं घालवली होती. मला राग येतो तो याचा. हेडलाईन चुकली तर वाचणाऱ्याचा एक दिवस जातो, पण लॅबमधल्या पोराची फेलोशिप जाते.

आणि मोठ्या जर्नलमध्ये छापलं म्हणजे खरं, हेही मनातून काढ. रॉचेस्टर युनिव्हर्सिटीच्या रंगा डायस यांच्या ग्रुपने २०२० मध्ये 'नेचर'मध्येच दावा केला, कार्बन-सल्फर-हायड्रोजनचं संयुग, १५ डिग्री सेल्सिअसला सुपरकंडक्टर, पण २६७ गिगापास्कल दाबाखाली, म्हणजे आपल्या हवेच्या दाबाच्या २६ लाख पट, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये चिरडलेला धुळीच्या कणाएवढा तुकडा. इतक्या छोट्या तुकड्याचा चुंबकीय सिग्नल बाकीच्या उपकरणाच्या सिग्नलमध्ये बुडून जातो, म्हणून मागचा बॅकग्राऊंड वजा करतात. इथेच सगळी मेख आहे, काय वजा केलं त्यावर काय उरलं ते ठरतं! कच्चा डेटा मागितला गेला, तो तपासल्यावर वजाबाकीच संशयास्पद निघाली आणि २०२२ मध्ये 'नेचर'ने पेपर मागे घेतला. मार्च २०२३ मध्ये त्याच ग्रुपचा ल्युटेशियम हायड्राईडचा दावा पुन्हा 'नेचर'मध्ये आला, तोही नोव्हेंबरमध्ये मागे घेतला गेला. त्यामुळे कुठलाही ग्राफ बघितला की मी आधी बघतो हा कच्चा आहे की "बॅकग्राऊंड वजा केल्यानंतर" असं कुठे बारीक अक्षरात लिहिलंय.

मग खरं असतं ते कसं दिसतं? १९८६ मध्ये झुरिकजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये बेडनोर्झ आणि म्युलर यांना नव्या जातीचा सुपरकंडक्टर दिसला, तेव्हा त्यांच्या पेपरच्या शीर्षकातच पहिला शब्द "शक्यता" अशा अर्थाचा होता. त्याच वर्षाअखेर टोकियोत तेच निघालं, १९८७ च्या सुरुवातीला अमेरिकेत त्याच कुळातला ९० केल्विनच्या वरचा पदार्थ मिळाला, आणि बघता बघता जगभरातल्या लॅब भट्ट्या लावून तेच बनवत होत्या. नोबेल १९८७ मध्येच मिळालं. खऱ्या गोष्टीला दुसऱ्याच्या भट्टीतही यायला वेळ लागत नाही.

आणि आपल्या मुंबईतलं उदाहरण देतो, जे तुला कुठल्याच व्हिडिओत दिसलं नसेल. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) प्रा. रामकृष्णन यांच्या ग्रुपने दाखवलं की शुद्ध बिस्मथचा स्फटिक नेहमीच्या दाबाला सुपरकंडक्टर होतो, पण ०.५३ मिलिकेल्विनला. म्हणजे ॲब्सोल्यूट झीरोच्या वर एका डिग्रीचा साधारण दोन हजारावा भाग. तिथे पोचायलाच काही दिवस लागतात, आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रसुद्धा तो नाजूक परिणाम मारून टाकायला पुरतं म्हणून सॅम्पलभोवती ढाली लावाव्या लागतात. त्यांनी चुंबकीय क्षेत्र स्फटिकाबाहेर फेकलं जातं, म्हणजे सुपरकंडक्टरची खरी खूण, हे मोजलं. २०१७ च्या 'सायन्स'मध्ये आलं. त्याने ट्रेन चालणार नाही, वीजबिल कमी होणार नाही, पण बिस्मथमध्ये इलेक्ट्रॉन इतके विरळ आहेत की जुन्या थिअरीच्या नेहमीच्या चौकटीत हे बसत नाही, त्यामुळे थिअरीवाल्यांना खरं काम लागलं. मला विचारशील तर एलके-९९ पेक्षा हजारपट मोठी गोष्ट आहे ही.

क्वांटम आणि फ्युजनबद्दल थोडक्यात लिहितो, ते माझं क्षेत्र नाही पण प्रश्न तोच लावायचा, काय मोजलं. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियाच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसर टाकून ३.१५ मेगाज्यूल फ्युजनची ऊर्जा मिळाली. हे खरं आहे, ऐतिहासिक आहे, दशकांची मेहनत आहे. पण मोजलं ते लक्ष्यावर पडलेल्या लेसरपासून, आणि तो लेसर तयार करायला वीजवाहिनीतून साधारण ३०० मेगाज्यूल वीज ओढली गेली. प्रयोग करणाऱ्यांनी हे लपवलं नव्हतं, बातमीत येता येता गळून पडलं. गुगलने २०१९ मध्ये म्हटलं आमच्या क्वांटम चिपने २०० सेकंदांत केलं ते सुपरकॉम्प्युटरला १०,००० वर्षं लागेल, आयबीएमने लगेच म्हटलं अडीच दिवस, २०२२ मध्ये चीनमधल्या एका ग्रुपने ५१२ जीपीयू लावून साधारण १५ तासांत तेवढंच काम करून दाखवलं. आणि ते काम म्हणजे रँडम सर्किटमधून आकडे काढणं, त्याचा दुसरीकडे फारसा उपयोग नाही. त्याच गुगलच्या २०२४ च्या विलो चिपमध्ये मात्र एक गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते, क्यूबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे मूळ घटक) वाढवले की चुका *कमी* झाल्या. त्याआधी भीती हीच होती की वाढवले की चुका वाढतील. पण बातमीत मथळा कशाचा आला, तर विश्वाच्या वयापेक्षा जास्त वर्षं लागणाऱ्या गणिताचा.

तर तू विश्वास ठेवायचा की नाही यावर अडकू नकोस. नवीन दावा आला की काही दिवस थांब, आणि थांबलेल्या वेळात शोध की मोजलेली गोष्ट कुठली, तिचा दुसरा साधा अर्थ काय असू शकतो, आणि तो अर्थ खोडायला त्यांनी स्वतः काय केलं. चांगल्या पेपरमध्ये अर्धी पानं याच खोडण्यात गेलेली असतात. ओपेरा प्रयोगवाले आठव, २०११ मध्ये त्यांचे न्यूट्रिनो (जमिनीतूनही आरपार जाणारे सूक्ष्म कण) प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचत होते, त्यांनी सगळा तपशील जगासमोर मांडून आमची चूक शोधा असंच सांगितलं, आणि पुढे नीट न बसलेली एक फायबर केबल मोठं कारण निघाली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

आणि एक काम कर. तुमच्या डिपार्टमेंटमध्ये जर्मेनियमचा फोर प्रोब सेटअप असेल, बऱ्याच कॉलेजांत असतो, बँड गॅप काढायच्या प्रॅक्टिकलला. लॅब असिस्टंटना विचारून एक तास माग. मित्राला सांग करंट दाखवणाऱ्या आकड्यावर कागद चिकटव आणि तापमान वाढत असताना मला न सांगता कधीतरी करंटची एक वायर सैल कर. तू फक्त व्होल्टेज वहीत लिहीत जा, सेट केलेल्या करंटने भाग आणि ग्राफ काढ. मग तो ग्राफ वर्गातल्या कुणाला तरी दाखव आणि तो पहिला प्रश्न कुठला विचारतो ते मला कळव.